आधी कागद, मग पडदा
अ‍ॅनिमेशनपटाच्या पूर्वतयारीविषयी

१९१२ साली चित्रपटाची सामग्री घेऊन दादासाहेब फाळके लंडनहून परतले, तेव्हा त्यांच्यापुढे कलेपेक्षाही भांडवलाचा प्रश्न अधिक बिकट होता. पडद्यावर हलणारी परदेशी चित्रे मुंबईकरांनी पाहिली होती; परंतु एक देशी माणूस तसे चित्र स्वतः निर्माण करील, यावर विश्वास ठेवून पैसा गुंतवावयास कोणी सहज तयार नव्हते. फाळक्यांनी लोकांशी वाद घातला नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि रोप वाढत असता ठराविक अंतराने एकेक चित्र टिपत राहिले. दिवसांमागून दिवस चाललेली ती वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटासा पट. तो पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास राजी झाले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या प्रसंगाकडे चित्रपटाच्या इतिहासातील कौतुकाची गोष्ट म्हणून पाहिले जाते. व्यापारी घरातील वाचकाला मात्र त्यात एक ओळखीचा व्यवहार दिसेल. मोठा माल मागवण्यापूर्वी नमुना पाहावा, आणि देणाऱ्यानेही तो विनासंकोच दाखवावा, ही आपली जुनी रीत. स्थिर चित्रे एकामागून एक टिपून गती निर्माण करण्याची जी युक्ती फाळक्यांनी वापरली, तीच अ‍ॅनिमेशनचा पाया आहे. पुढे १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या पटात त्यांनी आगकाड्यांनाही हालते केले. या कलेचा मुंबईतील आरंभ असा नमुन्यापासून झाला, ही गोष्ट आज पुन्हा आठवण्यासारखी आहे.

कारण आज हा विषय आपल्या उंबऱ्याच्या आत आला आहे. अंधेरी-गोरेगाव-मालाडच्या पट्ट्यात अ‍ॅनिमेशनचे स्टुडिओ आहेत. बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील मुले-मुली हे शिक्षण घेण्याचा हट्ट धरतात. एखाद्या पेढीला आपल्या मालाची दोन मिनिटांची चित्रफीत हवी असते. एखाद्या पाठशाळेला मुलांसाठी बोधकथा हालत्या चित्रांत हवी असते. संगणक घरात आहे, काही उत्तम साधने फुकट मिळतात. तेव्हा विलंब कशाला, आजच कामाला लागू, असा उत्साह स्वाभाविक असतो. पण अशा कामांत पैसा आणि उमेद दोन्ही बुडतात ती बहुधा याच घाईने. चित्रफीत अर्धी तयार झाल्यावर कथेचा शेवट पटत नाही, पात्राचा पोशाख बदलावासा वाटतो, लांबी दुप्पट झालेली असते. आणि तोवर ठरलेली रक्कम संपलेली असते.

आकड्यांची भाषा

हे असे का होते, ते आकड्यांनी चटकन कळते. चित्रपटात दर सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांसमोरून जातात. हाताने रेखाटलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ नवी चित्रे लागतात. दहा मिनिटांची, म्हणजे ६०० सेकंदांची गोष्ट घेतली, तर पडद्यावरील चित्रे होतात १४,४००. आणि त्यांतील एका पात्राची, ते सतत हालत राहिले तर, रेखाटने होतात ७,२००. पात्रे दोन असली की हा आकडा दुप्पट. पार्श्वभूमी, रंग, सावल्या यांचा हिशेब वेगळाच.

आता असे समजा की, काम पूर्ण झाल्यावर वीस सेकंदांचा एक प्रसंग अनावश्यक आहे असे लक्षात आले. एका पात्रामागे २४० रेखाटने रद्दीत गेली. तोच दोष कच्च्या आराखड्यात दिसला असता, तर पेन्सिलीने काढलेली पाच-सहा चित्रे पुसावी लागली असती, इतकेच. संगणकावरील त्रिमितीय पद्धतीत रेखाटने मोजावी लागत नाहीत. पण पात्र घडवणे, त्याला हालचालीसाठी सांगाडा देणे, प्रकाश योजणे आणि शेवटी प्रत्येक चित्र संगणकाकडून सिद्ध करून घेणे यांत वेळ जातोच, आणि वेळेचे मोल तेथेही तेवढेच आहे.

साध्या चित्रपटात दिग्दर्शक गरजेपेक्षा अधिक चित्रीकरण करतो आणि नको ते संकलनाच्या टेबलावर कापून टाकतो. अ‍ॅनिमेशनमध्ये ही चैन परवडत नाही. येथे संकलन आधी होते आणि चित्रीकरण नंतर. जे कापायचे ते कागदावरच कापावे लागते. कच्ची वही नीट उतरल्यावाचून पक्क्या वहीत नोंद करू नये, या पेढीवरच्या शिस्तीचेच हे दुसरे रूप.

भिंतीवरच्या चौकटी

या शिस्तीला आज ‘स्टोरीबोर्ड’ म्हणतात. कथेतील प्रत्येक महत्त्वाचा क्षण एका चौकटीत साध्या रेघांनी काढावयाचा, आणि चौकटींखाली संवाद, हालचाल, कॅमेऱ्याची जागा व अंदाजे सेकंद लिहावयाचे. या पद्धतीला पक्के रूप मिळाले ते अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत, १९३० च्या दशकाच्या आरंभी. तेथील कथाकार चित्रे सुटी काढून भिंतीवरील फळ्यावर टाचणीने लावू लागले. वहीतील पाने क्रमाने बांधलेली असतात. टाचणीने लावलेले चित्र उचलून दुसरीकडे ठेवता येते, काढूनही टाकता येते. संपूर्ण कथा एका दृष्टिक्षेपात दिसू लागली आणि ती कोठे रेंगाळते, कोठे घाई करते, हे सर्वांना एकदम कळू लागले.

मजकूर व चित्र यांचे आधीच नियोजन करण्याची कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे सहज पटेल. लिपिकार प्रथम मजकूर लिही आणि चित्राकरिता नेमकी चौकट रिकामी सोडी. चित्रकाराचे काम त्यानंतरचे. काही पोथ्यांच्या समासात चित्रकारासाठी लिहिलेल्या बारीक सूचनाही आढळतात. ताडपत्र अरुंद, रंग मोलाचे, आणि एकदा लागलेला रंग सहज पुसला जात नाही. साधन जितके मोलाचे, तितका त्यापूर्वीचा विचार अधिक, हा नियम त्या कारागिरांनी जाणला होता.

डिस्नेची ही पद्धत मुंबईत आली त्याचीही एक निश्चित वाट आहे. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये अ‍ॅनिमेशनचा विभाग उभा राहत असता, १९५६ साली क्लेअर वीक्स हे अमेरिकन कलावंत तेथे शिकवण्यास आले. त्यांचा जन्म भारतातला, आणि ‘बॅम्बी’सारख्या डिस्नेपटांवर काम केल्याचा अनुभव पाठीशी होता. त्यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी तयार झाली, त्यांत रसायनशास्त्राचे पदवीधर राम मोहन हे एक होते. पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून ज्यांचा गौरव झाला आणि ज्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, ते हेच.

या विभागातून १९५७ साली ‘द बनियन डीअर’ हा पट तयार झाला. त्याची कथा जातककथांतील. राजाच्या शिकारीसाठी रोज एक हरीण पाठवण्याची पाळी ठरलेली असते. एके दिवशी ती पाळी एका गाभण हरिणीवर येते, तेव्हा कळपाचा नायक तिच्या जागी स्वतः उभा राहतो. ते पाहून राजाचे मन पालटते व तो शिकार सोडतो. अहिंसा आणि अभयदान यांची ही कथा आपल्या घरांतील मुलांना समजावून सांगावी लागणार नाही.

एका हरणाची वाट

ही कथा आपणास आज पडद्यावर आणावयाची आहे, असे समजू. पूर्वतयारीच्या पायऱ्या कोणत्या, हे या एका उदाहरणावरून पाहता येईल.

पहिली पायरी एका वाक्याची. ‘एक राजा एका हरणाकडून दया शिकतो.’ या वाक्यात जे बसत नाही, ते कितीही सुंदर असले तरी पटात नको. राजवाड्यातील नृत्य, बाजारपेठ, हत्तींची मिरवणूक ही सारी दृश्ये मोहक खरी, पण त्यांतील प्रत्येक पात्र सेकंदाला बारा वेळा काढावे लागते, हे विसरू नये.

दुसरी पायरी संहितेची. पडद्यावर जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही, ते संहितेत लिहून उपयोग नाही. ‘राजाला पश्चात्ताप झाला’ हे वाक्य चित्रकाराला काही सांगत नाही. ‘राजा धनुष्याची दोरी सैल सोडतो आणि मान खाली घालतो’ हे सांगते.

तिसरी पायरी पात्रांच्या नमुनापत्राची, ज्याला ‘मॉडेल शीट’ म्हणतात. हरीणनायक समोरून, बाजूने व पाठीमागून कसा दिसतो, त्याची उंची राजाच्या कमरेला लागते की खांद्याला, रागात आणि करुणेत त्याचे डोळे कसे बदलतात, हे एका पानावर ठरते. दहा चित्रकार काम करणार असतील, तर दहा वेगळी हरणे पडद्यावर दिसू नयेत, म्हणून हे पान.

चौथी पायरी स्टोरीबोर्डची. येथे चित्रे देखणी असण्याची गरज नाही. काड्यांची माणसे चालतात. गरज असते ती स्पष्टतेची. एका चौकटीत हरीण डावीकडून उजवीकडे निघाले आणि पुढच्या चौकटीत कारणावाचून उजवीकडून डावीकडे जाताना दिसले, तर प्रेक्षकाला वाटते की ते भिऊन परत फिरले. त्यागाची कथा क्षणात पळपुटेपणाची होते! असे दोष संगणकावर महिनाभर राबल्यानंतर सापडण्याऐवजी भिंतीवरच्या दहाव्या चौकटीत सापडावेत, याकरिता हा सारा खटाटोप.

पाचवी पायरी ‘अ‍ॅनिमॅटिक’ची. स्टोरीबोर्डची स्थिर चित्रे संगणकावर क्रमाने लावून त्यांना कच्च्या आवाजातील संवाद जोडावयाचे व प्रत्येक चित्र ठरल्या सेकंदांपुरते दाखवावयाचे. घरातील माणसांच्या आवाजातही हे करता येते. हालचाल अजून नाही, रंग नाही. पण पटाचा श्वास कळतो. हरीणनायक मृत्यूच्या शिळेकडे चालत जातो त्या वेळी चार सेकंदांची शांतता पुरते की आठ लागतात, हे येथेच ठरते. अ‍ॅनिमॅटिक पाहताना जेथे मन कंटाळते, तेथे पुढे रंग भरूनही ते कंटाळणारच. अंतिम आवाजही पात्रांना हालवण्यापूर्वीच ध्वनिमुद्रित करावा लागतो. ओठांची हालचाल शब्दांवर बेतलेली असते.

या पाचही पायऱ्यांना महागडी सामग्री लागत नाही. कागद, पेन्सिल व टाचण्या पुरेत. संगणकच हवा असल्यास ब्लेंडर आणि क्रिटा ही विनामूल्य साधने या कामासाठी उपलब्ध आहेत.

मीनाची परीक्षा

पूर्वतयारीचे मोल किती असू शकते, याचे मुंबईशी निगडित असे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे ‘मीना’. दक्षिण आशियातील सार्क राष्ट्रांनी १९९१ ते २००० हे दशक बालिकांना अर्पण केले होते. त्या निमित्ताने मुलींचे शिक्षण, आहार व आरोग्य यांविषयी लोकांचे मन वळवू शकेल अशी एक अ‍ॅनिमेशन मालिका युनिसेफने योजिली. नऊ-दहा वर्षांची खेड्यातील मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू नावाचा पोपट ही तिची मुख्य पात्रे. मीनाला रूप दिले ते मुंबईच्या राम मोहन यांनी.

काम वाटते तितके सोपे नव्हते. भारत, बांगलादेश, पाकिस्तान व नेपाळ या चारही देशांतील मुलीला मीना आपलीच वाटली पाहिजे, अशी अट होती. तिने साडी नेसावी की सलवार घालावी? तिचे घर कोणत्या पद्धतीचे? तिचे नाव कोणत्या धर्माचे वाटेल? या प्रश्नांची उत्तरे स्टुडिओत बसून दिली गेली नाहीत. पात्रांची रेखाटने, कथा आणि स्टोरीबोर्ड घेऊन कार्यकर्ते वेगवेगळ्या देशांतील खेड्यांत व वस्त्यांत गेले. मुलांना, आयांना, वडीलधाऱ्यांना ती चित्रे दाखवून त्यांची मते विचारली. न रुचलेले बदलले. त्यातूनच कोणत्याही एका देशाची ओळख ठरणार नाही असा वेश आणि सर्वत्र आपलेसे वाटेल असे ‘मीना’ हे नाव निश्चित झाले.

‘काउंट युअर चिकन्स’ या आरंभीच्या भागात मीनाला शाळेत पाठवलेले नसते. ती मिठूला शाळेच्या खिडकीशी पाठवते; पोपट बेचा पाढा शिकून येतो व तिला शिकवतो. त्या पाढ्याच्या बळावर ती घरच्या कोंबड्या मोजते, एक कमी असल्याचे तिच्या ध्यानात येते आणि चोर पकडला जातो. हिशेब येणाऱ्या मुलीने घराचे नुकसान टाळले, हे पाहून वडिलांचे मन वळते. उपदेशाचा एकही शब्द न उच्चारता कथा आपले काम करते. पुढे मीना या देशांत घरोघरी पोहोचली. बांगलादेशात तर २४ सप्टेंबर हा ‘मीना दिवस’ म्हणून पाळला जातो. कागदावर असतानाच लोकांनी तिला पारखले होते, हे तिच्या यशामागचे एक मोठे कारण होय.

राम मोहन यांच्या आणखी एका कामात हीच दक्षता दिसते. युगो साको या जपानी दिग्दर्शकाच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ या १९९२ च्या पटाचे ते सहदिग्दर्शक होते. जपानी चित्रकारांना आपले वेश, आपली बसण्या-उठण्याची व नमस्काराची रीत यांची सवय नव्हती. या गोष्टी त्यांना आधी समजावून द्याव्या लागल्या. धोतराची निरी चुकीची पडली, तर भारतीय प्रेक्षकाचे मन कथेतून तत्काळ उठते. अशी चूक नमुनापत्रावर सुधारता येते, हजारो चित्रांतून नव्हे.

उपनगरातलेच उदाहरण हवे असेल, तर पवईच्या आयआयटीकडे पाहावे. तेथील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे १९६९ साली स्थापन झालेल्या आयडीसीत, अ‍ॅनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तेथे अध्यापन करणाऱ्या शिल्पा रानडे यांनी उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या कथेवर ‘गुपी गवैया बाघा बजैया’ हा पट केला. २०१३ साली तो टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला. आपल्याकडील चित्रपटगृहांत यायला मात्र त्याला २०१९ साल उजाडले. उत्तम पटालाही प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यास एवढा काळ लागू शकतो, हे या क्षेत्रात भांडवल घालणाऱ्याने आणि आपल्या मुलाला त्यात पाठवणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

देणाऱ्याचे आणि करणाऱ्याचे हित

आता थोडे व्यवहाराचे. ज्यांना संस्थेसाठी वा पेढीसाठी असा पट करवून घ्यावयाचा आहे, त्यांनी रक्कम ठरवताना काम टप्प्यांत विभागावे: संहिता, पात्रांचे नमुने, स्टोरीबोर्ड, अ‍ॅनिमॅटिक, आणि त्यानंतर प्रत्यक्ष निर्मिती. प्रत्येक टप्प्याला लेखी संमती द्यावी आणि त्या टप्प्याचा मोबदला वेळेवर चुकता करावा. अ‍ॅनिमॅटिकवर स्वाक्षरी झाल्यानंतर कथेत बदल हवा असल्यास त्याचा खर्च आपण सोसावा. तो चित्रकाराच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. किती वेळा दुरुस्ती मागता येईल, मूळ संगणकीय फायली कोणाकडे राहतील, पट अन्यत्र वापरण्याचा हक्क कोणाचा, हेही आरंभीच कागदावर यावे. संस्थेच्या समितीत दहा सदस्य असतील, तर त्या दहांची मते स्टोरीबोर्डपुढे उभे राहूनच ऐकावीत. पूर्ण झालेल्या पटापुढे नव्हे.

करणाऱ्या तरुणांनीही एक पथ्य पाळावे. गिऱ्हाइकाला स्टोरीबोर्ड दाखवण्याचा संकोच करू नये. ‘चित्रे कच्ची आहेत, त्यांना समजणार नाहीत’ या भीतीने थेट रंगीत काम दाखवले जाते आणि मग बदलांचा डोंगर कोसळतो. कच्चे चित्र पाहताना माणूस मोकळेपणाने बोलतो. पूर्ण काम पाहताना भिडेने गप्प बसतो व पुढे तक्रार करतो.

या शिक्षणासाठी मुलाला वा मुलीला पाठवू इच्छिणाऱ्या पालकांचीही एक चिंता असते. वर्गांचे शुल्क मोठे, जाहिराती आकर्षक. निवड कशी करावी? यावर एक साधी कसोटी आहे. वर्गात पहिल्या दिवसापासून केवळ संगणकाची बटणे शिकवली जातात, की हाताने रेखाटणे, कथा सांगणे व स्टोरीबोर्ड मांडणे यांनाही पुरेसा वेळ दिला जातो, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. संगणकाची साधने काही वर्षांनी बदलतात. आता तर शब्दांवरून चित्र काढून देणारी यंत्रेही आली आहेत. एका आज्ञेत शंभर चित्रे मिळू लागली, म्हणून त्यांतले कोणते ठेवावे आणि का, हा प्रश्न सुटत नाही. तो सोडवण्याची दृष्टी ज्याला लाभली, त्याला साधन बदलल्याची भीती नाही.

घरच्या घरी याचा आरंभ करता येतो. सुटीत मुलाला एखादी आवडती गोष्ट बारा चौकटींत काढावयास सांगावी. चित्र चांगले आले की नाही, ते पाहू नये. चौकटी भिंतीवर लावून घरातील आजीला, जिला ती गोष्ट ठाऊक नाही, शब्दावाचून वाचण्यास सांगावे. जेथे आजी अडते, तेथील चौकट मुलाने बदलावी. दोन-तीनदा असे झाले की कथा कशी मांडावी लागते हे त्याला आपोआप उमजेल, आणि या मार्गाने जाण्याची त्याची ओढ किती खरी आहे, हेही घराला कळेल. शुल्क भरण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.